नोननश्टिगचं नाव

वाल्डरबाख, १४ मार्च १९७१

प्रिय ओटमार,
स. न. वि. वि.

आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हणजे पपांचा खोकला आणि माझे गुडघे सोडून. द्राक्षवेलींची छाटणी संपली. वरच्या तीन ओळी राहिल्या होत्या, त्या काल उरकल्या. उतारावर अजून पाय घसरतो. सिबिला आत्या खालून ओरडत होती की, पडलीस तर थेट मोझेल नदीत जाशील, आधी स्वयंपाकघराची किल्ली खाली टाक.

आता कामाचं. नव्या कायद्याने पाच हेक्टरच्या आतल्या मळ्यांची नावं जाणार आहेत. आपला नोननश्टिगचा मळा जेमतेम सव्वा हेक्टर. तो शेजारच्या फाल्कनलायमध्ये घालायचा घाट आहे. फाल्कनलाय म्हणजे खालची ती सपाट, चिखलाची जमीनसुद्धा, जिथे परवापरवापर्यंत बटाटे होत होते! एकशे चाळीस वर्षं आपल्या वाइनच्या बाटलीवर नोननश्टिग लिहिलं जातंय, आणि आता बटाट्याच्या शेताचं नाव लावू?

हरकतीचा अर्ज सोबत पाठवते आहे. आईचा वाटा तुझ्या नावावर असल्याने आपल्या तिघांच्या सह्या लागतात. पपा म्हणतात, आधी ओटमारची होऊ दे, मग माझी. तेव्हा उलट टपाली पाठव. मुदत जूनअखेर आहे, पण तुला मी ओळखते.

गेर्डाला आणि लहानगीला पापे. लोभ आहेच, सहीही असावी.
तुझी हेडविग

हॅम्बुर्ग, ९ एप्रिल १९७१

प्रिय हेडविगबाई मळेवाल्या,
स. न.

तुझं पत्र पोचलं, अर्जही पोचला. रागावू नकोस. गोदीत दोन जहाजं एकदम दुरुस्तीला आली आहेत आणि घरी लहानगी रात्ररात्र रडते. कुठला गोंगाट जास्त, सांगता येत नाही. अर्ज टेबलावर समोरच ठेवला आहे. निवांत वाचून सही करतो.

एक विचारू? इथे माझ्या साहेबांना मी आपली रीझलिंग वाइन दिली. त्यांना फार आवडली, पण नाव तीनदा विचारलं आणि तिन्हीदा चुकीचं उच्चारलं. नाव सोपं झालं तर तुझंच काम हलकं होईल, असं नाही वाटत? नुसतं विचारतोय. लगेच कात्री घेऊन धावू नकोस.

पपांना खोकल्यावर मध घ्यायला सांग. जिव्हाळा कमी होऊ देऊ नकोस.
तुझा ओटमार

वाल्डरबाख, २३ मे १९७१

ओटमार,

नमस्कार वगैरे पुढच्या वेळी. सहा आठवडे झाले. तुझं टेबल एवढं मोठं आहे का, की समोर ठेवलेला कागद दिसेनासा होतो?

वेलींना फुलोरा येईल आता. फवारणी मी आणि पपा दोघंच करतो. ते पंप पाठीवर घेतात आणि दहा पावलांवर थांबून, नदीवरचं जहाज बघतोय असं दाखवतात. जहाज नसलं तरी बघतात.

तू विचारलंस, नाव सोपं झालं तर? मळ्यातल्या ज्या दगडावर ते नाव कोरलंय, त्याच्याशी आई बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत वेलींच्या काड्या बांधत होती. तू जवळजवळ तिथेच जन्मलास. तुझंही नाव साहेबांना अवघड जात असेल तर बदलून टाक.

सही पाठव.
हेडविग

हॅम्बुर्ग, ४ जून १९७१

प्रिय हेडविग,

सही केली, अर्ज सोबत आहे. चुकलो. पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा गेर्डाने मोठ्याने वाचून दाखवलं. खुडणीला ऑक्टोबरात दहा दिवस नक्की येतो, पाठीवर करंडा मी घेईन.
ओटमार

वाल्डरबाख, २९ जून १९७१

ओटमार,

काल अर्ज घेऊन कचेरीत गेले. पपांनी सही केली तेव्हा मी शेजारी उभी होते. पेन खाली ठेवून ते तडक तळघरात गेले. मला वाटलं, मन भरून आलं असेल.

दोन बसगाड्या बदलून पोचले. कारकुनाने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. कपाटातून फाइल काढली आणि म्हणाला, बाई, तुमच्या घरून ‘हरकत नाही’ म्हणून फेब्रुवारीतच लिहून आलंय, प्रकरण बंद झालं. मी म्हटलं, शक्य नाही. त्याने फाइल माझ्याकडे फिरवली. वरच तुझा कागद. तुझी ती शेपूट काढलेली सही.

माझ्याकडेही तो ‘हरकत नाही’चा छापील कागद आला होता. मी बंबात घातला. तू सही करून पाठवलास आणि तीन महिने मला अर्जावर झुलवत ठेवलंस.

खुडणीला येऊ नकोस. मजुरीची माणसं ठरवली आहेत.
हे.

हॅम्बुर्ग, ६ जुलै १९७१

हेडविग,

शपथेवर सांगतो, तो कागद मी वाचलाच नव्हता. फेब्रुवारीत लहानगीचा जन्म झाला तेव्हा दवाखान्याचे, विम्याचे, नगरपालिकेचे किती कागद आले. सगळ्यांवर एका बैठकीत सह्या ठोकल्या. तुझा अर्ज आला तेव्हाही डोक्यात आलं नाही. निष्काळजी म्हण, दगाबाज म्हणू नकोस.

काही करता येत असेल तर सांग. मी येऊन त्या कारकुनाच्या पाया पडतो.
ओटमार

वाल्डरबाख, २१ नोव्हेंबर १९७१

ओटमार,

आत्या म्हणाली, निदान खुडणीचं तरी कळव, म्हणून लिहिते.

असं साल मी पाहिलं नाही. घड सोन्यासारखे पिवळे, सालीवर तपकिरी ठिपके, आंबटपणा तरीही शाबूत. रस पिंपात पडला तेव्हा पपांनी पेलाभर घेतला, तोंडात फिरवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पीक, आणि छापखान्यातून लेबलं आली ती फाल्कनलायची. गठ्ठा सोडलाही नाही मी.

नाताळला तुम्ही येऊ नये असं मला वाटतं. टेबलाशी तुझ्यासमोर बसून गोड बोलणं मला जमणार नाही.
हेडविग

वाल्डरबाख, १३ डिसेंबर १९७१

चि. ओटमार यास,
अनेक आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. आई लिहायची, मी खाली नाव घालायचो. हे मात्र मलाच लिहायला हवं.

कचेरीतल्या फाइलीत तुझ्या कागदाखाली माझा कागद आहे. मी तुझ्याआधी सही केली, आणि वाचून केली. व्यापारी सांगत होता, फाल्कनलाय नावावर माल बसल्या जागी जातो. हेडविग अडतीस वर्षांची आहे. दिवसभर उतारावर राबते आणि हिवाळ्यात बाटल्यांची पेटी घेऊन गावोगाव हॉटेलांची दारं ठोठावते. जिना उतरताना कठड्याला धरते. मला वाटलं, नाव गेलं तर जाऊ दे, पोरीची पायपीट तरी वाचेल. मग तिने अर्ज काढला आणि मला सांगायचं धैर्य झालं नाही. तिला दोन बसगाड्या बदलून जाऊ दिलं. सहा महिने तुला शिव्या खाऊ दिल्या. नाताळला येऊ नको असं तिने लिहिलं हे सिबिलाकडून कळलं, तेव्हा मात्र राहवेना.

रविवारी चर्चहून आल्यावर तिला सांगितलं. सिबिलाला मुद्दाम बसवून ठेवलं होतं. हेडविग ओरडली नाही. का केलंत, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुझे गुडघे. ती म्हणाली, गुडघे माझे होते, मला विचारायचं होतं. उठून मळ्यात गेली आणि त्या थंडीत अंधार पडेपर्यंत भिंतीचे निसटलेले दगड बसवत राहिली. मी खाली उभा होतो. हाक मारवली नाही.

तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. काल तिने लेबलांचा गठ्ठा छापखान्याला परत पाठवला. नवीन लेबलावर रीझलिंग, साल, गाव आणि आपल्या घराचं नाव. मळा कुठलाच नाही. दुसऱ्याचा लावणार नाही, म्हणाली. असा माल विकायला तिला दुप्पट फिरावं लागेल, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. या खेपेला पेट्या घेऊन मीही बरोबर जाणार आहे. तिने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

तुम्ही नाताळला या. तिला न विचारता लिहिणं ही माझी पुन्हा तीच चूक झाली असती, म्हणून हे पत्र आधी तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं, एका ठिकाणी माझं व्याकरण दुरुस्त केलं आणि पाकीट आणून दिलं.

गेर्डाला आशीर्वाद, नातीला पापा. या म्हाताऱ्यावर राग धरावास, पण येऊन धरावास.

तुझा
पपा

ता. क. गाडीची वेळ मला कळव. स्टेशनवर मी येईन. तिला चल म्हणायची अजून हिंमत होत नाही.