चमचाभर पाणी

४ मार्च, मंगळवार
लेकीला सातव्याच महिन्यात मुलगी झाली. जेमतेम ओंजळभर. श्वास अडखळतोय. मी फादरना आणायला पळाले. आम्ही पोचलो तर नर्स म्हणते, ‘‘मावशी, बाप्तिस्मा मी दिला. तुमची लेक विनवत होती.’’ ही नर्स देव-बिव मानत नाही, स्वतःच सांगते! सव्वीस वर्षांपूर्वी माझा पहिला मुलगा तीन तास जगला. फादर पोचायच्या आत गेला — बाप्तिस्म्याविना, म्हणजे ख्रिस्ताचा न होताच. पुन्हा तेच?

५ मार्च
फादरनी नर्सला तीनच गोष्टी विचारल्या. पाणी डोक्यावरून ओघळलं का? — हो, वाटीतलं कोमट. शब्द कोणते? — लेकीने सांगितलेले, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने. मनात काय होतं? ती म्हणाली, ‘‘मला त्यातलं कळत नाही. तुमच्या चर्चमध्ये करतात तेच करायचं होतं.’’

फादर उठून उभेच राहिले. ‘‘मग झाला. जीव धोक्यात असेल तर कुणीही देऊ शकतं. ज्याचा स्वतःचा झालेला नाही, तोसुद्धा.’’

मी म्हटलं, खात्रीला आणखी थोडं पाणी घालू या. तर म्हणाले, भाजीत खात्रीला दुसऱ्यांदा मीठ घालता का?

वाटीतलं पाणी, आणि एवढं मोठं देणं!

६ मार्च
कुणीही! धर्मशिक्षणात मॅट्रिकपर्यंत माझा पहिला नंबर — तरी हे ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाच्या वेळी उशाशी तांब्या होता. भरलेला.
लिहवत नाही.

९ मार्च, रविवार
नात दूध ओढू लागली. चर्चच्या वहीत, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात, नर्सचं नाव लागलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे आमच्या धर्मातले नाहीत. दर रविवारी मला फाटकापर्यंत सोडतात, आत येत नाहीत. मीही कधी ओढलं नाही. आज मात्र ह्यांनी फादरचं बोलणं दोनदा विचारून घेतलं. ‘‘ज्याचा झालेला नाही, तोसुद्धा? नक्की?’’ चहा तसाच टाकून बाहेर गेले.

१० मार्च
सकाळी हे म्हणाले, ‘‘आपला मुलगा गेला तेव्हा, शेवटी शेवटी तू शुद्धीत नव्हतीस. बाळ निळं पडत चाललं होतं. तुझ्या भाच्याच्या बाप्तिस्म्याला ऐकलेले शब्द आठवले, तेच म्हटले. चमच्याने पाणी घातलं डोक्यावर. मी तुमच्यातला नाही — वाटलं, भलतंच करून बसलो. म्हणून बोललो नाही.’’

बाळाचं नाव काय घेतलंत, विचारलं.

‘‘तू ठरवलेलं तेच.’’

फादरकडे निघालोय. दोघं.