विसरण्याची तालीम

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. तुमचा घसा कसा आहे? आणि मामींचे कान कसे आहेत? (दोन्ही प्रश्न एकाच दुखण्याबद्दल आहेत हे मला ठाऊक आहे, पण दोघांची वेगवेगळी चौकशी कर असं आईने बजावलंय.) इकडे सगळे बरे. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, त्यामुळे ती एकदा खाली गेली की शेजाऱ्यांकडे बसून राहते आणि आमचा स्वयंपाक मला करावा लागतो. या पत्राबद्दल मास्तरांना काही कळता कामा नये. तुम्ही आपली नाट्यसंस्था सोडल्यापासून तुमचं नाव काढायचं नाही असं ठरलंय, आणि कोणाचं नाव काढायचं नाही हे नव्या माणसाला समजावून सांगण्यात प्रत्येक तालमीचा अर्धा वेळ जातो.

त्या भांडणात मी कोणाचीच बाजू घेत नाही. लिलाव पुकारण्यात तुमची हयात गेली, त्यामुळे विंगेतून तुम्ही हळूच सुचवलेलं वाक्य शेवटच्या रांगेला नटाच्या आधी ऐकू जायचं, हे खरं. लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा मिळायचं आणि ऐकू कमी येणारी मंडळी आपल्याकडे आवडीने यायची, हेही खरं. पण त्या दिवशी राजा झालेले मास्तर मरताना मुद्दाम थांबले होते. तुम्हाला वाटलं विसरले. तुम्ही वाक्य सांगितलंत, ते हट्टाने आणखी थांबले, तुम्ही आवाज चढवलात, ते डोळे मिटून पडून राहिले, आणि शेवटी तुम्ही चष्मा सावरत संहिता घेऊन रंगमंचावर गेलात आणि बोटाने ओळ दाखवलीत. टाळ्या तुम्हाला पडल्या. मेलेले मास्तर उठून बसले आणि म्हणाले, यापुढे आपल्या संस्थेत प्रॉम्प्टर नको. बाकीचं तुम्ही जाणताच.

तर नवं नाटक. विषय, आपल्या संस्थेचे सुरुवातीचे हालअपेष्टांचे दिवस. संस्थेला जेमतेम दोन वर्षं झाली, म्हणजे ते दिवस अजून चालूच आहेत. पण मास्तरांचं (शाळेत भूमिती शिकवून त्यांना प्रत्येक गोष्ट लवकर सिद्ध करून टाकायची सवय लागलीय) म्हणणं असं पडलं की चांगले दिवस आले की हाल नीट आठवत नाहीत, तेव्हा ताजे आहेत तोवर लिहून काढावेत. मास्तरांची भूमिका आपला सुतार करतो, पहिल्या नटीची मी करते, आणि आपल्या तालमीच्या खोलीखालच्या रंगाच्या दुकानाचा मालक येऊन खोली रिकामी करा म्हणतो, ते काम मास्तर स्वतः करतात. (खरा मालक तालमीला येऊन बसला. मास्तर आपल्यापेक्षा चांगलं धमकावतात हे पाहून तो आता त्यांच्यासारखं धमकावतो.) त्याला रंगाचे डबे ठेवायला आपली खोली खरोखरच हवी आहे, याच महिनाअखेरीस. दुसरी खोली आपल्याला कोण देणार? खोली गेली की संस्था गेली. या सगळ्या इतिहासात तुम्ही मात्र कुठेही नाही. विंगेत तुम्ही बसायचात तिथे नाटकात पाण्याची बादली आहे.

लिहिलं तेव्हा हे नाटक शांत नव्हतं हो. चांगलं बडबडं होतं. नुसत्या पंखा बंद पडण्यावर सुताराला दीड पानाचं भाषण होतं. आपल्याच खोलीत झालेल्या पहिल्या प्रयोगाला तो तिसऱ्या वाक्यावर अडला आणि सवयीने त्याने विंगेकडे पाहिलं. मग मला वाटलं आता माझं वाक्य असेल, ते मला आठवेना, म्हणून मीही विंगेकडे पाहिलं. मास्तर धमकावायला आत आले, आमच्याकडे पाहून तेही काय धमकावायचं ते विसरले आणि तिकडेच पाहत उभे राहिले. मग प्रेक्षकही मान वळवून तिकडे पाहायला लागले. कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने सुताराला एक वाक्य आठवलं, 'तो येईल म्हणाला होता', ते दुसऱ्या अंकातलं आणि पंखेवाल्याबद्दलचं होतं, आणि पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ रडायला लागला. असं पडदा पडेपर्यंत चाललं. एकूण वाक्यं फार थोडी झाली आणि ती सगळी चुकीच्या जागी.

आता ऐका. खालच्या दुकानात रंग कालवून होईपर्यंत वेळ काढायला म्हणून एक बाई वर येऊन बसल्या होत्या. त्या निघाल्या गावातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापक. त्या मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, इतकं शांत नाटक मी जन्मात पाहिलं नाही, कोणाची तरी वाट पाहणं म्हणजे काय ते आज कळलं. येत्या शनिवारी त्यांच्याकडे प्रयोग आहे. त्यांच्या मंडळींना तो आवडला तर तालमीला कायमची जागा द्यायला त्या तयार आहेत. फक्त एक अट घातली. नाटक होतं तसंच हवं, एकही शांतता इकडची तिकडे व्हायला नको. मास्तर म्हणाले, अर्थात, सगळं बसवलेलंच आहे.

तेव्हापासून आमचे जे हाल चाललेत त्यावर तिसरा अंक होईल. शरमेने सुताराने नाटक असं घोकलंय की तो रंधा मारताना बोलतो, जेवताना बोलतो, आणि त्याच्या बायकोने माझी वाक्यंसुद्धा पाठ केलीत. आता आम्हाला विसरताच येत नाही. मास्तरांनी फळ्यावर शांततांच्या आकृत्या काढल्या. सुताराने त्या पाठ केल्या आणि शांततेत तो ओठ हलवून मोजायला लागला. मग गोंधळ उडावा म्हणून मास्तरांनी आम्हाला जुनं राजाचं नाटक पुन्हा पाठ करायला लावलं. त्याचा परिणाम असा झाला की पंखा बंद पडल्यावर सुताराने सेनापतीला हाक मारली आणि मी हत्ती आणायला सांगितलं. काल विंगेत नुसतं स्टूल ठेवून त्याच्याकडे पाहून झालं. पण स्टुलाकडे किती वेळ पाहणार? पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी आम्ही खरंच तुमच्या आवाजाची वाट पाहत होतो, मामा. तुम्ही नाही हे माहीत असूनही आता कानावर पडेल असं वाटत होतं. तो आवाज आला नाही तेव्हा मला फार पोरकं वाटलं होतं, आणि ते मला मुद्दाम करता येत नाही.

असो. तुम्हाला उगाच आमचं रडगाणं ऐकवलं. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, काही मागणं नाही. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. मागणं एवढंच की शनिवारी या आणि विंगेत बसा. सुतार म्हणतो, मामा विंगेत असले की मला आयुष्यात एक वाक्य आठवलेलं नाही, डोकं आपोआप रिकामं होतं. माझंही तसंच आहे. फक्त आम्ही विसरलो की तुम्ही काही बोलायचं नाही. आम्ही तुमच्याकडे कितीही केविलवाणं पाहिलं तरी नाही. तुम्हाला हे किती जड जाईल याची आम्हाला कल्पना आहे, म्हणून मामींनाही घेऊन या, त्या तुमचा हात धरून बसतील.

ता. क. दुसरा. मास्तरांना कळता कामा नये असं वर लिहिलंय ते मास्तरांनीच लिहायला सांगितलं. बरंच पत्र त्यांनीच सांगितलंय, ते माझ्या खुर्चीमागे उभे आहेत. (राजाच्या मरणाचा मजकूर त्यांनी पुन्हा पुन्हा बदलायला लावला. आधी तुम्ही त्यात फार वाईट होतात.) शेवटी स्वतःच्या तोंडचं एक वाक्य घालायचं म्हणून त्यांनी 'त्या दिवशी माझं' एवढं सांगितलं आणि तिथे थांबलेत. मी लेखणी धरून बसले आहे. पुढे एकच शब्द आहे, तो मला माहीत आहे, सुताराच्या बायकोलाही माहीत आहे, पण आम्ही सांगून उपयोग नाही, ते आमच्याकडे पाहतच नाहीत. तुम्ही या, आणि तेवढं एक वाक्य त्यांना सुचवा. मोठ्याने सुचवलंत तरी चालेल.