सुईतला साप

सोई बाळा,

उकायाली नदीनं तुला गिळल्याला वर्ष झालं. तुझा मामा परदेशी पाहुण्यांना अजून रात्री तोच भास दाखवणारा वेलीचा काढा पाजतो आणि सगळ्यांना सापच दिसतो. "एवढ्या जणांना एकच साप कसा रे?" मी विचारलं, तर हसला. "अगं वेडाबाई, साप काढ्यात नाही, तुझ्या सुईत आहे. त्यांच्यासमोर सापाचं भरतकाम टांगतं कोण?"

म्हणून काल ते कापड उतरवून मी तुझं निळं पोलकं टांगलं आणि स्वतःही काढा प्यायले.

सकाळी तुला न ओळखणारे सातही पाहुणे सांगत होते, निळ्या पोलक्यातली एक मुलगी हसत हसत जवळ आली.

मला नुसतं पोलकं दिसलं गं. रिकामं.

तुझी आई