थोडं पाणी घ्या

मंगळवार, संध्याकाळ

प्रबंध उद्या बाइंडिंगला जाणार होता. नवरा गेलेल्या बारा बायकांच्या मुलाखती, दोन वर्षांचं काम. आज गाइड मॅडमनी मुलाखतींचे कागद समोर ठेवले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण नजर काय!

"ताई, बाई रडवेली झाली की तुम्ही म्हणता, थोडं पाणी घ्या. बाराही जणींना. आणि लगेच पुढचा प्रश्न."

मी हसले. "मॅडम, माणुसकी हो."

"तहान त्यांना लागली होती, की भीती तुम्हाला वाटली होती?"

घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं. निफाडच्या काकू सांगत होत्या, "त्या दिवशी मी यांच्याशी भांडले..." आणि खाली मी. थोडं पाणी घ्या.

माझा नवरा, श्रीकांत, गेला त्या सकाळी मीही त्याच्याशी भांडले होते. चार वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मग काकूंचं कसं ऐकणार होते मी? आणि मला वाटायचं, मला छान ऐकता येतं.

बाइंडिंग थांबवलं. काकूंना फोन केला. "काकू, तुमचं बोलणं त्या दिवशी मी मध्येच तोडलं."

त्या म्हणाल्या, "फोनवर नाय सांगता यायचं. घरी ये. पण वही नको आणू."

हो म्हणाले.