माझ्या वाट्या, त्याचे रंग

४ फेब्रुवारी

आग लागली होती म्हणे! आमच्या घरात! आणि मलाच पत्ता नाही!

प्रोफेसरांनी धाकट्याच्या चरित्राचं पहिलं प्रकरण पाठवलंय, वाचून बघा म्हणून. भाऊ एवढा नावाजलेला चित्रकार, त्याच्यावर पुस्तक निघतंय, मीही हौसेने भिंग घेऊन बसले. तिसऱ्याच पानावर आग. धाकटा लहान असताना घराला लागूनच असलेला वडिलांचा कारखाना जळाला, अंगणातली झाडं ज्वाळांत लालभडक झाली, ते दृश्य बालमनावर कोरलं गेलं — आणि म्हणून त्याच्या सुरुवातीच्या चित्रांतली झाडं लाल! कपाळ माझं! वडिलांचं काम सूत रंगवायचं. हौद, पिंपं, ओल्या लडी, ओली जमीन. तिथे काडी ओढली तरी पेटायची नाही.

झाडं लाल झाली कारण धाकट्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. दोन्ही त्याला एकसारखेच मळकट. झालं, एवढं साधं आहे! पण हे दोघांनाच माहीत, तो आणि मी, आणि कोणापाशी बोलायचं नाही हे लहानपणीच ठरलेलं. वडील होते तोवर ठीक. वडील जाऊन आता जमाना झाला.

५ फेब्रुवारी

अजून डोकं तापलेलंच आहे. म्हणे ज्वाळा!

९ फेब्रुवारी

प्रोफेसर आज घरी येऊन गेले. गृहस्थ सभ्य आहेत, बोलणं गोड आहे, पण ऐकायची सवय नाही. धाकट्याशी दुपारभर बसले. निघताना माझ्याकडे वळले आणि विचारलं काय, तर ‘ताई, लहानपणी यांना खायला काय आवडायचं?’

डोक्यात तिडीक गेली. जन्मभर त्याच्या शेजारी उभी राहिले ती काय ताट वाढायला?

प्रकरणात माझ्यावर एक ओळ आहे. ‘अविवाहित थोरली बहीण घर सांभाळत असे.’ घर! घर कामाची बाई सांभाळते. मी रंग सांभाळते. सकाळी तो कोळशाने आखून दाखवतो आज काय काढणार ते. मग मी रंग कालवते, वाट्यांमध्ये, आणि त्याच्या उजव्या हाताशी ओळीने मांडते. आभाळ पहिल्या वाटीत, मग भिंती, मग झाडं, मग माणसं. तो रंग बघून घेत नाही, जागा बघून घेतो. कुंचला नेमका हव्या त्या वाटीत जातो, बोलावं लागत नाही. मला सरळ रेघ ओढता येत नाही, हेही लिहून ठेवते, उगाच फुशारकी नको. उजेड कुठून पडतो, दमलेल्या माणसाचा खांदा कसा उतरतो, ते सगळं त्याचं. ते त्याने पोटातून आणलंय. पण रंग माझा आहे!

सुरुवात कारखान्यातच झाली. वडील त्याला लडी निवडायला बसवायचे, लाल इकडे, हिरव्या तिकडे. रंगाऱ्याच्या पोटी असलं पोर आलंय हे कळलं असतं तर वडिलांनी हाय खाल्ली असती. म्हणून मी पाठीशी उभी राहायची. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की लाल, डाव्या खांद्यावर की हिरवी. वडील गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, पोराची नजर तयार होतेय. कोणाची नजर तयार होत होती ते मला माहीत!

१३ फेब्रुवारी

आज धाकट्याला धरलं. सरळ म्हटलं, पुस्तकात एक ओळ हवी. रंग बहीण मांडते, एवढीच. माझा फोटो नको, कौतुक नको. पण ती आग काढून टाक आणि ही ओळ घाल.

तो कुंचले पुसत राहिला. मग म्हणाला, ‘बघू, ताई.’

बघू! साठी उलटली तरी बघू!

त्या लाल झाडांची खरी गोष्ट सांगितली तर प्रोफेसरांची दातखीळ बसेल. मी शिक्षिकेच्या परीक्षेला परगावी गेले होते. इकडे एका चित्रस्पर्धेची शेवटची तारीख आली. यानं आपले आपण रंग घेतले, झाडं लाल केली, खोडं हिरवी, आणि दिलं पाठवून. परत येऊन बघते तो चित्र गेलेलं! चित्रकलेचे मास्तर पोट धरधरून हसले. आणि परीक्षकांतले एक म्हातारे चित्रकार त्या चित्रासमोरून हलेनात. पहिलं बक्षीस. वर्तमानपत्रात ‘बंडखोर’! ज्याने आईसमोर कधी मान वर केली नाही तो बंडखोर!

तिथून सगळ्यांना त्याच्या चुकाच हव्या झाल्या. पण खरंच चुकू दिलं असतं तर दुसऱ्या चित्रात नुसता चिखल झाला असता. म्हणून चुकायचं कुठे हेही मीच ठरवायला लागले. डोंगर लाल, पण वाट साधी. गाय हिरवी, पण गवत करडं. त्यावर प्रोफेसर पुढे अख्खं प्रकरण लिहिणार आहेत म्हणे, ‘बंडातला संयम’. तो संयम इथे बसून भाजी निवडतोय!

त्या परीक्षेत मी पास झाले होते. नोकरीचं पत्रही आलं. गेले नाही. वाट्या कोणी मांडायच्या? त्याने जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मीच राहिले. ठीक आहे, राहिले. पण राहिले हे लिहा तरी!

१६ फेब्रुवारी

आजपासून वाट्या बंद. सांगून टाकलं. प्रोफेसरांना खरं कळवत नाहीस तोवर तुझे तू कालव. त्याने नुसती मान हलवली. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी

कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून आहे. बसू दे.

२० फेब्रुवारी

कोळसा घेऊन काढायला लागलाय. नुसतं काळं-पांढरं. दारातून बघितलं — कामाची बाई जिना पुसतेय, ओणवी. तिची पाठ अशी काढलीय की माझी कंबर दुखायला लागली. चांगलं काढतोय मेला! म्हणजे माझ्यावाचून त्याचं अडत नाही की काय? हा राग कोणावर काढावा ते कळेना, तेव्हा बाईवर काढला. जिना पुन्हा पुसायला लावला. मग मलाच वाईट वाटलं.

मोतीबिंदूची तारीख मिळाली आज. आधी उजवा डोळा, मग डावा. डॉक्टर मला रागावले, इतकी वर्षं काय करत होतात म्हणाले. काय करत होते! कामात होते.

२४ फेब्रुवारी

केला. फोन केला त्याने. माझ्यासमोर उभं राहून, मला ऐकू यावं अशा आवाजात.

सगळं सांगितलं. दिसत नाही ते, लडींचं, परीक्षेचं, वाट्यांचं. एकदाही अडखळला नाही, जणू मनात कधीची तयारी होती. पलीकडून प्रोफेसर काहीतरी लांबलचक बोलले. चित्रं विकत घेणारे काय म्हणतील, संग्रहालयं काय म्हणतील, असलंच असणार. धाकटा ऐकून घेऊन म्हणाला, ‘छापा. तिच्या नावासकट छापा. नाहीतर पुस्तक राहू दे.’

आणि फोन ठेवून चहा करायला गेला. त्याला चहा करता येत नाही. कडू केला. पूर्ण प्यायले.

वाट्या मात्र लगेच मांडल्या नाहीत. ऑपरेशन होऊ दे म्हटलं. थोडा ताठा माझाही असू दे की!

१ मार्च

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. अक्षर वाकडं येतंय.

२ मार्च

पट्टी काढली. उशीची खोळ! इतकी पांढरी होती ती? मी तर नवी घ्यायला सांगणार होते, पिवळी पडली म्हणून.

६ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

धाकट्याच्या आजवरच्या सगळ्या चित्रांचं प्रदर्शन उद्यापासून आहे. आज आम्हाला आधी बघायला बोलावलं होतं. पहिल्या दालनात लाल झाडं, हिरवी गाय, सगळी जिथल्या तिथे. माझी छाती भरून आली. मग शेवटच्या दालनात गेले. गेल्या काही वर्षांची मोठी चित्रं, ज्यांनी त्याचं नाव सगळीकडे झालं. आणि तिथे उभीच राहिले.

आमचं अंगण आहे त्यात. भर दुपारचं. मी स्वतः कालवलेलं ऊन, मला चांगलं आठवतं. भिंतीचा चुना पांढराशुभ्र दिसेपर्यंत कालवत बसले होते. आणि समोर काय? दिवेलागण झाल्यासारखं अंगण! भिंत निळी, ऊन निळं, आईच्या चेहऱ्यावर निळी झाक. वाटलं, चित्रं खराब झाली, या लोकांनी ओलीत ठेवली. आता कोणाला तरी झापायचंच म्हणून वळले, तेवढ्यात नव्या डोळ्यात पाणी आलं. तो हाताने झाकला.

जुन्या डोळ्याने ऊन ऊन होतं. भिंत पांढरी होती. सगळं बरोबर होतं.

हा डोळा, तो डोळा. किती वेळा केलं असेल! प्रत्येक चित्रासमोर तेच. पिवळ्या झालेल्या डोळ्यांनी मी भिंत पांढरी करायला निळा घालत गेले, घालतच गेले. आणि माझ्यामागे प्रोफेसर कोणाला तरी समजावत होते, उतारवयात यांना ही निळी शांतता सापडली म्हणून. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आज पुन्हा तेच! एरवी मी तिथल्या तिथे खडसावलं असतं. आज धाकट्याला एवढंच म्हटलं, दमले, घरी चल.

मी त्याची चित्रं बिघडवली. ज्या ओळीसाठी एवढं आकाशपाताळ एक केलं, ती ओळ आता छापून येणार आहे.

७ मार्च

डॉक्टरांकडे तपासणीला गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याला जन्मापासून लाल-हिरवा कळत नसेल तर बाकीच्या रंगांचं काय? ते म्हणाले, बहुतेकांना निळा आपल्यासारखाच दिसतो, त्यात काही घोटाळा नसतो.

मी खुर्चीतच बसून राहिले. पुढचा पेशंट आत आला तरी उठले नाही. लाल-हिरव्याचा घोळ कळला त्या दिवशी मी सगळेच रंग ताब्यात घेतले. निळ्याचं त्याला कधी विचारलंच नाही!

८ मार्च

विचारलं. निळा दिसत होता का तुला?

‘दिसत होता.’

पहिल्या निळ्या चित्रापासून?

‘हो.’

मग बोलला का नाहीस? मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, ‘बोललो असतो तर तू वाट्या मांडायच्या सोडल्या असत्यास.’

डॉक्टरांना फोन केला. डावा डोळा सध्या राहू दे म्हटलं, अंगणातलं ते ऊन अजून त्यालाच दिसतं.