सारसाची जोडी आणि बिडीचं लेबल

गुरुजी, काल तुमचं एक वाक्य मी चोरलं. माझी नात घरी बसून दूरदूरच्या गिऱ्हाइकांसाठी लेबलं काढते. ब्रश नाही, रंग नाही, सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. मधाच्या बाटलीसाठी केलेलं एक लेबल तिनं कौतुकानं दाखवलं. छान आडवं, मधोमध फुलांचं झाड आणि पार एका टोकाला मधमाशी. मी म्हटलं, छापून दे. तो कागद बाटलीला गुंडाळला आणि विचारलं, "माशी कुठं गेली वं तुझी?" ती बाटली फिरवत राहिली, मग कपाळावर हात मारून हसली. मला मात्र गोंदियातलं तुमचं पत्र्याचं दुकान आठवलं, टर्पेंटाईनचा वास आठवला, आणि तुटलेल्या दांडीच्या जागी दोरा बांधलेला तुमचा चष्मा. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तुम्ही शाळेत ड्रॉइंग शिकवायचात आणि शाळा सुटली की दुकानांच्या पाट्या रंगवायचात. मॅट्रिक झालो तरी मी तुमचा पिच्छा सोडला नव्हता. बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं. चोरखमारा गावाकडे आमची धानाची शेती, रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, घरात हात कमी. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "रोवण्याच्या आधी एक तरी काम तुया नावानं करून दाखव. नाई तं चिखलात उतर, मंग ब्रश-फिरश काई नाई." तेवढ्यात तिरोड्याचे एक शेतकरी तुमच्याकडे आले. त्यांनी बिडीचा छोटा कारखाना काढला होता आणि बंडलावर लावायला लेबल हवं होतं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "हा करंल. गिऱ्हाईक याचं, मी मधात नाई." तुम्ही मध्ये पडणारच नव्हतात. मी तर हवेतच गेलो.

आठ दिवस खपून मी मोर काढला. कागदभर पिसारा, एकेका डोळ्यात तीन-तीन रंग. तुम्ही तो पाहिलात. खिशातून बिडीचं बंडल काढलंत, माझा मोर त्याच्याभोवती गुंडाळलात आणि मुठीत धरलात. "मोराचं तोंड कुठं गेलं गा?" तोंड पार मागे गेलं होतं. समोर अर्धामुर्धा पिसारा, कोबीचा गड्डा दिसावा तसा. "आठ दिवस तू कागदच पाहून राहिला. बंडल गोल असते, हे कोण पाहील?" मनातल्या मनात मी तुम्हाला सणसणीत शिवी हाणली होती, आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तिरोड्याच्या बाजारात पाठवलंत. चित्र काढायचं नाही, पानठेल्यापाशी फक्त उभं राहायचं. राहिलो. बिडीचं नाव कोणी वाचतच नव्हतं. "कंदील दे," "कोंबडा दे," असंच मागायचे. बंडल मुठीत जायचं, कमरेला खोचलं जायचं, आणि चित्र दिसायचं जेमतेम दोन बोटं रुंद. म्हणजे चित्र उभं हवं. परत येताना धानाच्या बांधीत सारस उभा दिसला. उंच मान, लाल डोकं. मी सायकलवरून पडायचाच बाकी होतो.

सारस घेऊन मी कारखानदारांच्या घरी गेलो. पडवीत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळून राहिल्या होत्या. मालक खूश. पण त्यांच्या म्हाताऱ्या आईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "हा एकटाच काऊन आहे जी? याचा जोडीदार मेला का?" सगळ्या बायकांचे हात थांबले. आमच्याकडे सारस नेहमी जोडीनं. एकटा दिसला की माणसं हळहळतात, समजतात की याचं घर मोडलं. बांधीत जन्म काढलेला मी, मला हे सुचू नये? मालकांनी कागद उलटा ठेवला. "माय नाई म्हणते तं नाई जमत. मोटारीचं चित्र काढा, मोटारीचं." रोवण्याला आठ दिवस उरले होते.

दुकानात येऊन मी ब्रश आपटला. समोर दोन मावत नाहीत, एक चालत नाही, मी जातो चिखलात. तुम्ही म्हणालात, "मी मधात नाई." आणि बंडल चिमटीत धरून फिरवत बसलात. सावकाश, फिरवत आहात आपले. मी चिडून तुमच्या हाताकडे पाहतोय, आणि एकाएकी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक पुढे, एक मागे!

म्हातारीच्या हातात या वेळी कागद नाही दिला, गुंडाळलेलं बंडलच दिलं. पुढचा सारस मान वळवून मागे पाहतोय. "पुन्हा एकटाच," ती म्हणाली, आणि कुठं पाहतोय म्हणून तिनं बंडल फिरवलं. "अगा माय, हे काय, आली याची जोडीदारीण!" बोळक्या तोंडानं ती हसली ती हसतच राहिली. बंडल या सुपातून त्या सुपात गेलं, जी ती फिरवून पाहत होती. मालक मोटार विसरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. बाबांनीही ते बंडल तीनदा फिरवलं. मग म्हणाले, "रोवणा झाला की जा गोंदियाले." रोवणा काही सुटला नाही.

ही युक्ती तुमची नाही, माझी, असं तुम्ही अख्ख्या बाजारात सांगत फिरलात. मी गप्प बसलो, कौतुक गोड लागत होतं. पण लेबलाची एक कड खळ लावून दुसरीखाली चिकटते, ती कोणालाच दिसत नाही. छापायला देताना त्या कडेवर मी एक चष्मा काढला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, एका बाजूला दोरा बांधलेला. तो वर्षानुवर्षं छापला गेला. तुम्ही शेवटपर्यंत तीच बिडी ओढलीत आणि तुमच्या हातात तो चष्मा रोज होता. सांगायचं कितीदा ओठांवर आलं, पण तुम्ही म्हणाला असतात, "मी मधात नाई."

मधात होतात, गुरुजी. खळीखाली होतात.