६१९चा कान

३ मार्च

मर्लचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "लोइस, तुझ्या ६१९ची वासरं बाहेर येत नाहीयेत!"

आज त्याची दुसरी कालवड मेली. साखळी लावून ओढलं तरी वासरू अडलेलंच. शेवटी निघालं ते एकशे चार पौंडांचं. मेलेलं.

आमच्या वळूंच्या कॅटलॉगात ६१९च्या नावापुढे छापलंय — जन्मवजन अडुसष्ट पौंड, पहिलटकर कालवडींसाठी निर्धोक. म्हणून तर मर्लने गेल्या वर्षी तो वळू नेला. एकवीस वर्षं आमच्याकडून नेतोय. न बघता, नुसत्या फोनवर!

"ड्वेनने जोखताना खालून हात लावला होता का गं?" म्हणाला. हसत नव्हता.

४ मार्च

भावाला विचारलंच. वासरू जन्मलं की जोखणं ड्वेनचं काम, त्याच दिवशी कानाच्या आत आकडा गोंदणंही त्याचंच. मी फक्त वरून बिल्ला लावते. त्याने खिशातली लाल वही टेबलावर ठेवली. ६१९ — अडुसष्ट. त्याचंच अक्षर.

"हलका वळू चटकन खपतो म्हणून लिहिलंस ना?"

कॉफी पीत राहिला! मग म्हणाला, "मर्लकडे जा. वळूच्या कानात बघ आधी."

कानात काय बघायचंय? बिल्ला केवढा लोंबतोय — ६१९! विषय बदलायची याची जुनी खोड. लहानपणी शाळेची काच फुटली तेव्हाही हेच — "आधी चेंडू कुणाचा ते बघा."

"काळे वळू सगळे सारखेच दिसतात, लोइस."

तुला दिसत असतील. मला माझं एकेक जनावर तोंडावरून ओळखू येतं. बाबांनाही यायचं.

७ मार्च

मर्लची आणखी एक कालवड अडली. डॉक्टरने पोट चिरून वासरू काढलं. दोघं जगली. अजून अकरा व्यायच्यात.

गावात जेवायला गेले. गुरुवार — म्हणजे घेवड्याचं झणझणीत कालवण आणि दालचिनीचा गोड पाव. मी आत शिरले आणि सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. मग कोपऱ्यातून व्हर्लिन ओरडला, "लोइस, तुमच्याकडे पौंडात किती औंस असतात गं?" सगळे हसले. न खाताच परत फिरले.

घरी येऊन ड्वेनला सांगितलं — आपल्या वळूंच्या लिलावाच्या दिवशी इथे दिसू नकोस. तुझं तोंड बघून कुणी हात वर करणार नाही. टोपी घातली आणि गेला लेकीकडे. लाल वही मात्र टेबलावर ठेवून गेला. मुद्दाम!

१२ मार्च

त्याचा फोन नाही. मीही करणार नाही.

१५ मार्च

ती लोखंडी गव्हाण एकदा भंगारात घालणार आहे! दरवर्षी बिल्ले तोडते. आज तीन वळूंचे तुटले, तेही लिलावाच्या तोंडावर. ड्वेन असता तर एकेकाला खोड्यात घालून, कानातले केस पुसून, टॉर्च मारत दुपार घालवली असती. मी नुसती नजर टाकली आणि नवे लावले. वीस मिनिटं!

१८ मार्च

६१९ला परत आणायला गेले. मर्लने फाटक उघडलं. गोठ्यामागे तीन कालवडी ताडपत्रीखाली. तिसरी परवा गेली.

"यंदाच्या लिलावातला हवा तो वळू ने, मर्ल. तुझाच."

"तू म्हणायचीस ते मी घ्यायचो, लोइस," म्हणाला. "आता कशावर घेऊ?"

वीस मैल गाडी चालवली. मागे ट्रेलरमध्ये तो वळू पत्र्याला लाथा घालत होता. मी ड्वेनला शिव्या घालत होते. मोठ्याने. बाबांचं नाव, माझं नाव — सगळं याने मातीत घातलं. यंदाच्या कॅटलॉगवर माझं आणि ड्वेनचं नाव छापलंय. काळा मार्कर घेऊन त्याचं खोडलं. तीनशे प्रतींवर. हात दुखेपर्यंत.

२१ मार्च

६१९ आज कत्तलखान्याला जाणार. तिथे माझा बिल्ला नको, म्हणून खोड्यात घातला आणि बिल्ला कापला. कान अंगठ्याने उलटा केला तेव्हा आत गोंदणाचं हिरवं दिसलं. थुंकी लावून पुसलं.

६१६.

वहीत ६१६ — अठ्ठ्याण्णव पौंड. दोघं वासरं होती त्या वर्षी दोघांचेही बिल्ले गव्हाणीत तुटले होते. नवे मी लावले. तोंडं बघून. आणि ६१६चा बिल्ला लावलेला खरा ६१९ मीच खच्ची करवला — जन्मतःच जड म्हणून!

ड्वेनला फोन केला. "बघितलंस?" एवढंच म्हणाला.

"टॉर्च घेऊन ये," म्हटलं. "उद्या लिलाव आहे. चाळीस कान आहेत."